ती जागा माझीच होती

"तुमचा प्रश्नच चुकलाय," मी म्हणाले, तेव्हा कुठे समोरच्या माणसाने कागदातून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं.

मुलाखतीला आलेल्या मुलीने असं बोलू नये, हे मला कळत होतं. पण हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी बुओना व्हिस्टाला आले होते, आणि त्यांनी मला रिसेप्शनवर पन्नास मिनिटं बसवून ठेवलं होतं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. राग आधीच गळ्यापर्यंत आला होता.

"कसा काय चुकलाय?" त्याने शांतपणे विचारलं.

प्रश्न असा होता. सिंगापूरच्या नॅशनल डेच्या संध्याकाळी खाडीकाठी लाखभर लोक जमतात, आतषबाजी सुरू झाली की सगळे एकदमच फोटो पाठवायला लागतात. अशा वेळी तिथल्या मोबाईल टॉवरवरचा भार शेजारच्या रिकाम्या टॉवरवर कसा वळवाल? ही कंपनी नेमकं हेच सॉफ्टवेअर बनवायची, आणि त्यांना एक इंजिनिअर हवा होता.

"शेजारचा टॉवर रिकामा नसतोच," मी म्हणाले. "यंदा मी तिथे होते. खाडीकाठी जितकी माणसं, तितकीच स्टेशनच्या रस्त्यावर. माझ्या बाबांना मी पाऊण तास फोन लावत होते. तुमचा प्रश्न ऑफिसात बसून लिहिलेला आहे."

मी मार्कर उचलला आणि फळ्यावर लिहायला गेले. मार्कर वाळलेला होता.

"एक मार्कर धड नाही, अन् प्रश्न विचारून राहिले," मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"दुसरा मार्कर टेबलाच्या खणात आहे," समोरून आवाज आला… इतका वेळची इंग्रजी सोडून स्वच्छ, पुणेरी मराठीत.

मी गोठलेच. तो मात्र हसत नव्हता. त्याने खण उघडून मार्कर दिला आणि म्हणाला, "प्रश्न मीच लिहिला होता. ऑफिसात बसूनच. तुम्ही दुरुस्त करा."

मी दुरुस्त केला. त्याला दीड तास लागला. तो मधेमधे अडवायचा, मी भांडायचे, तो फळ्यापाशी येऊन माझ्या आकृतीत एक बाण वाढवायचा, मी तो पुसून टाकायचे. शेवटी तो मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार बंद होता होता म्हणाला, "निकाल सांगायची मला परवानगी नाही. पण… आजची दुपार फार चांगली गेली."

त्याचं नाव राजस पानसे. माझं एकता मेश्राम. साल दोन हजार पंधरा, ऑगस्टचा शेवटचा आठवडा.

*

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझे बाबा, नरेश मेश्राम, शहाण्णव साली नागपूरहून इथे टेलिफोनच्या केबल जोडायला आले. दोन वर्षांनी आई आणि मी आलो. तेव्हा मी दहा वर्षांची होते. शाळा इथली, कॉलेज इथलं, आणि आता पासपोर्टही इथला, लाल. तरी आम्ही राहतो त्या वुडलँड्सच्या मार्केटात भाजीवाली विचारायचीच, "गर्ल, यू फ्रॉम इंडिया, आ? व्हेन गोइंग बॅक?" आणि इथे नव्याने आलेले पुण्यामुंबईचे इंजिनिअर म्हणायचे, "तू काय बाबा, इथलीच." दोन्हीकडून मी बाहेरची. घरी आम्ही नागपुरी बोलतो, आणि राग आला की माझ्या तोंडात आपोआप नागपूर येतं.

मुलाखतीनंतर तीनच दिवसांनी, संध्याकाळच्या गाडीत, बुओना व्हिस्टाला दार उघडलं आणि राजस आत आला. मला बघून थबकला.

"तुम्ही माझा पाठलाग करताय का?" त्याने विचारलं.

"ही गाडी मी चार वर्षं घेतेय," मी म्हणाले. "पाठलाग तुम्ही करताय."

तोही वुडलँड्सलाच राहायचा. एका फ्लॅटमधली एक खोली, भाडं परवडायचं म्हणून. बिशानला गाडी बदलायची, मग पुढे वुडलँड्स. चांगला तासाभराचा प्रवास. दुसऱ्या दिवशी तो त्याच डब्यात शिरला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी हार्बरफ्रंटहून निघताना एक गाडी मुद्दाम सोडली, त्याची वेळ जुळावी म्हणून, आणि स्वतःवरच चिडले.

त्या सप्टेंबरात सुमात्राच्या जंगलांतला धूर इथे येऊन बसला होता. आकाश राखेसारखं, घशात सतत खवखव, समोरची इमारतसुद्धा पुसट. दुकानांतले मास्क संपले होते. राजसकडे दोन होते, त्यातला एक त्याने मला दिला. मग आमचे फक्त डोळेच एकमेकांना दिसायचे. त्याचे डोळे ओठांच्या आधी हसतात, हे मला मास्कमुळेच कळलं.

"तुम्ही रागावला की भाषा बदलते," तो एकदा म्हणाला.

"हसून काय राहिले?"

"हे… हेच. पुन्हा म्हणा ना."

"मी काय रेडिओ आहे?"

"रेडिओ बंद करता येतो," तो म्हणाला. "आणि मला बंद करायचा नाहीये."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी बोगद्यात होती. काचेत त्याचा चेहरा दिसत होता आणि तो माझ्या प्रतिबिंबाकडे बघत होता.

एक गोष्ट मला सारखी जाणवत होती. माझं आडनाव त्याने अर्जावर वाचलं होतं. 'मेश्राम म्हणजे नक्की कोण?' हा प्रश्न आपल्या लोकांच्या ओळखीत पहिल्या दहा मिनिटांत येतो, कधी सरळ, कधी गावाचं नाव विचारत वळसा घालून. तो आला नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत… ते वाया गेलं. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. नोकरीबद्दल मात्र मी एक अक्षर विचारत नव्हते आणि तो सांगत नव्हता.

*

मग मेल आलं. तीन ओळी. 'तांत्रिक मुलाखतीत आपली पातळी या पदासाठी अपुरी आढळली.'

नकार मला नवा नव्हता. पण 'अपुरी'? तांत्रिक मुलाखत एकाच माणसाने घेतली होती. आणि तो माणूस तीन आठवडे रोज संध्याकाळी माझ्याशेजारी उभा राहून हसत होता.

बिशानच्या फलाटावर मी त्याला गाठलं. मास्क काढून फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे तू लिहिलंस?"

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "एकता, हे… हे मी नाही लिहिलं."

"मग भुताने लिहिलं? खोलीत तू अन् मी, दोघंच होतो."

"मी लिहिलं होतं, आजवर पाहिलेल्यांत सर्वांत चांगली उमेदवार. लगेच घ्या, असं लिहिलं होतं."

"काऊन खोटं बोलून राहिला? तोंडावर सांगायचं होतं ना, की तू नापास. मी रडले नसते. इतके दिवस माझ्याशी गोड बोलत राहिला अन्…" माझा आवाज चढला होता. एक म्हातारी चिनी बाई बॅग छातीशी धरून बाजूला सरकली. "आणि ती जागा दिली कोणाला?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

वुडलँड्सची गाडी आली. मी एकटीच चढले. तो फलाटावरच राहिला.

*

त्या रविवारी बाबा मार्केटातून आले आणि पिशवी ठेवत म्हणाले, "खाली लेटरबॉक्सपाशी एक पोरगा मघापासून उभा आहे. मराठीत स्वतःशीच बोलून राहिला."

मी पायऱ्या उतरून गेले. राजसच होता. दाढी वाढलेली, हातात एक पाकीट.

"मला पाच मिनिटं दे. मग तू म्हणशील तर जातो."

मी काही बोलणार, इतक्यात मागून बाबा आलेच. "खाली कायले उभं राहता? धूर किती आहे. वर या."

आमच्या हॉलमध्ये शिरताच समोर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो दिसतो. आईने सवयीने "जय भीम" म्हटलं. तोही सहज "जय भीम काकू" म्हणाला आणि चपला नीट कडेला काढल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. तो त्या कंपनीत होता, पण कंपनीचा नव्हता. एका ठेकेदार कंपनीमार्फत कंत्राटावर होता आणि नोव्हेंबरात कंत्राट संपणार होतं. पुढे कंपनीला तो स्वतःच्या पगारावर हवा होता. त्यासाठी नवा वर्क पास, म्हणजे कामाचा सरकारी परवाना, काढावा लागणार होता. आणि नियम असा की परदेशी माणसासाठी पास मागण्याआधी ती जागा दोन आठवडे सरकारी संकेतस्थळावर जाहीर करायची, इथल्या लोकांना संधी द्यायची.

"जाहिरात दिली," राजस म्हणाला. "अकरा जण आले. सगळ्यांच्या मुलाखती मी घेतल्या. मला वाटलं, माझ्यासोबत काम करायला आणखी एक माणूस घेतायत. परवा आमच्या मॅनेजरने, दिलीपने, मला ऑफर लेटर दिलं तेव्हा कळलं… ती जागा माझीच होती. माझ्याच जागेच्या मुलाखती मी घेत होतो."

"आणि आमचे निकाल?" मी विचारलं.

"दिलीपने बदलले. अकराही जणांचे. सगळ्यांपुढे 'अपुरी पातळी', आणि खाली माझं नाव. मी विचारलं तर म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे रे, तुझ्याच भल्यासाठी केलंय."

मला त्या पन्नास मिनिटांची आठवण झाली, त्या वाळक्या मार्करची. मला बोलावलं होतं ते नाही म्हणायलाच. बाकीच्या दहा जणांनीही रजा टाकल्या असतील, शर्टांना इस्त्री केली असेल. आणि घरी जाऊन आपलं काय चुकलं ते शोधत बसले असतील. रागाने माझे कान तापले.

बाबा हळूच म्हणाले, "मी इथं आलो तेव्हा केबलचं काम मला अहमद नावाच्या माणसाने शिकवलं. इथलाच होता. दोन वर्षांनी त्याला काढलं, मला ठेवलं. मी स्वस्त पडत होतो. मी त्याला कधी काही विचारलं नाही… विचारायला पाहिजे होतं."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

मी राजसला सोडायला बाहेरच्या गॅलरीत आले. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. "माझे मूळ शेरे आहेत यात, तारखेसकट. मी पाठवलेलं मेल छापून आणलंय. हे तुझं आहे. तू इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार कर."

"आणि मग तुझा पास?"

"जाईल बहुतेक."

"म्हणजे मी तक्रार केली तर तू गेलास माझ्यामुळे, आणि नाही केली तर गप्प बसले तुझ्यासाठी. वा, छान," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, आणि तो रागानेच कापत होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. "खोटं तुझ्या नावाने लिहिलंय, राजस. आणि हिंमत मी दाखवायची?"

मी पाकीट त्याच्या हातात परत कोंबलं. "तुझं ओझं माझ्या हातात देऊ नको. माझी तक्रार मी करेन, माझ्या शब्दांत. तुझं काय करायचं ते तू ठरव."

तो पायऱ्या उतरून गेला. घरात आले तर आई म्हणाली, "पोरगा चांगला आहे." मी म्हटलं, "म्हणूनच तर राग येऊन राहिला ना."

*

दुसऱ्याच दिवशी मी तक्रार पाठवली. मला जे माहीत होतं तेवढंच लिहिलं. त्याचे कागद जोडले नाहीत.

पुढचा आठवडाभर बुओना व्हिस्टाला दार उघडायचं, माणसं चढायची, दार बंद व्हायचं. तो नव्हता. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. आता तो ऑफर लेटरवर सही करून उशिराच्या गाडीने घरी जात असेल, असं मनाशी म्हणायचे. तसं असेल तर बरंच झालं, असंही म्हणायचे… आणि पुढच्या स्टेशनवर पुन्हा दाराकडे बघायचे.

मंगळवारी तो चढला. हातात पुठ्ठ्याचा खोका. त्यात एक कप, एक कीबोर्ड आणि एक स्वेटर.

"तक्रार दिली," तो म्हणाला. "अकराही जणांचे मूळ शेरे जोडून. ऑफर नाकारली. आज सकाळी त्यांनी कंत्राट थांबवलं. पास रद्द झाल्यावर तीस दिवस राहता येतं."

मी खोक्याची एक बाजू धरली. तो हलकाच होता, एका हाताने पेलण्यासारखा, पण वुडलँड्सपर्यंत तो आम्ही दोघांनी धरला होता.

मग दिलीपचा मला फोन आला. तोही मराठी, ठाण्याचा. "अगं एकता, मला मोठ्या भावासारखा समज," तो म्हणाला. "परदेशात आपणच आपल्या माणसाला मदत नाही करायची तर कुणी? बघ, त्या पोराचं काय झालं."

"मी तुमची माणूस नव्हते का?" मी विचारलं. "मराठीच तर आहे. की मुलाखतीपुरती नव्हते?"

"तसं नाही, तू सिटिझन आहेस, तुला काय, कुठेही मिळेल."

"मला मिळत होती, ती तुम्ही खोडली. आणि त्या पोराचं जे झालं ते तुमच्या पेनाने झालं. माझ्या तक्रारीने नाही." मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले.

चौकशी झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस कंपनीने मला पत्र पाठवलं: मूल्यमापनात चूक झाली होती, आपण रुजू व्हावं. मला ते पत्र फाडून फेकायचं होतं.

"घे," राजस म्हणाला. आम्ही आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांमधल्या एका टेबलाशी, बसलो होतो. धूर एव्हाना ओसरला होता. "तू नाकारलीस तर कुणाला धडा मिळणार आहे? ती जागा तुझी होती. मीच तसं लिहून दिलंय."

"आणि तू?"

"मी शोधतोय," तो म्हणाला आणि कॉफी ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती.

मी नोकरी घेतली, एका अटीवर: बाकीच्या दहा जणांनाही तसंच पत्र जावं. कंपनीने मान्य केलं. किती पत्रं खरंच गेली ते मला आजही नक्की माहीत नाही, तिघांचं मी स्वतः विचारून घेतलं. आणि दिलीप? मी रुजू झाले त्या सोमवारी कळलं, त्याची क्वालालंपूरच्या ऑफिसात बदली झाली होती. वरच्या पदावर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

तिसाव्या दिवसाला चार दिवस उरले असताना राजसला नोकरी मिळाली. जोहोर बाहरूमध्ये. म्हणजे आमच्या वुडलँड्सहून पूल ओलांडला की पलीकडे. देश मात्र दुसरा, मलेशिया.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी बस पकडली. अंतर म्हणाल तर दोन-तीन किलोमीटर. पण शाळांना सुट्ट्या होत्या आणि अख्खं सिंगापूर पलीकडे खरेदीला निघालं होतं. इकडच्या इमिग्रेशनला पाऊण तास, पुलावर अर्धा तास, तिकडच्या इमिग्रेशनला सव्वा तास. राजस बाहेर उभा होता. निळा शर्ट, नुकतेच कापलेले केस, हातात पाण्याची बाटली.

"अडीच तास," मी बाटली हिसकावून घेत म्हटलं. "एवढ्या वेळात मी बँकॉकला पोचले असते."

"मग आलीस कशाला?"

"भांडायला."

"कशावरून?"

"ते रस्त्यात ठरवेन."

तो मला एका छोट्या उपाहारगृहात घेऊन गेला. तव्यावर रोटी कनाई, म्हणजे तिकडचा पराठा, आपटल्याचा आवाज येत होता. आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं. तो सारखा पाण्याचा ग्लास इकडून तिकडे सरकवत होता.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी घरी सांगितलं. पुण्याला."

"काय सांगितलंस?"

"तुझ्याबद्दल. की… मला एकता मेश्राम नावाच्या मुलीशी लग्न करायचंय."

माझा घास हातातच राहिला. "मग?"

"बाबांनी विचारलं, मेश्राम म्हणजे? मी सांगितलं, नागपूरचे, बौद्ध. आणि हेही सांगितलं की मी परवानगी मागत नाहीये, कळवतोय. आई रात्रभर बोलली नाही. सकाळी तिचा मेसेज आला, मुलीचा फोटो पाठव. मी नॅशनल डेचा पाठवला, तू दिलेला. लाल टी-शर्टमधला."

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"बहिणीला. आणि… माझ्या खोलीतल्या मित्राला. तो म्हणाला, कधीचं माहीत आहे."

मी रोटी ताटात ठेवली. "म्हणजे पुण्यात कळलं, बहिणीला कळलं, खोलीतल्या मित्राला कळलं. आणि जिच्याशी लग्न करायचं तिला? तिला विचारायचं राहूनच गेलं?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी… मला वाटलं, तुला माहीतच असेल."

"माहीत असणं वेगळं, विचारणं वेगळं. मला न विचारता माझ्याबद्दल ठरवणारे मी या वर्षी पुष्कळ पाहिले."

त्याने ग्लास बाजूला ठेवला. मग खुर्ची मागे सारून नीट सरळ बसला, शर्टाची बाही ओढली, आणि मुलाखतीला बसल्यासारखा म्हणाला, "एकता, तू माझ्याशी लग्न करशील का? माझा पास इथला आहे, तुझी नोकरी तिथली, मधे हा पूल आणि अडीच तासांची रांग. मला याचं उत्तर माहीत नाही. पण मला तू आवडतेस. पहिल्या दुपारपासून. तू माझा बाण पुसून टाकलास ना, तेव्हापासून."

तव्यावर आणखी एक रोटी आपटली. कुणीतरी मलाय भाषेत चहा मागितला. मी त्याला थोडा वेळ तसंच बसू दिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि मला तो पुसावासा वाटत होता.

"हो," मी म्हणाले.

"हो?"

"हाव म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

मी फोन काढला, बाबांना लावला. पलीकडून बाबांचा आवाज आला तशी म्हटलं, "बाबा, पोचले. राजसला तुमच्याशी काहीतरी बोलायचंय."

आणि फोन त्याच्या हातात दिला. तो ताडकन उभा राहिला, भर उपाहारगृहात, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून.

"हॅलो… जय भीम काका," तो म्हणाला आणि पुढे त्याला शब्दच सुचेना.

मी त्याच्या ताटातली रोटी माझ्याकडे ओढली आणि आमटीत बुडवून शांतपणे खायला लागले.